तिसऱ्या सालची आखाजी

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा चुलीवर शिजत असताना घरात भांडायचं नाही, घाटा फुटतो, असं बेबाबाई लग्न होऊन आल्यापासून सांगत होत्या. पन्नास वर्षांत कुणाची तशी हिंमतच झाली नव्हती. यंदा झाली, आणि तीही माहेरी आलेल्या लेकीची.

एप्रिलची बावीस तारीख, सकाळचे आठ. गच्चीवर पाच खाटा टाकलेल्या, त्यांवर ओली धोतरं पसरलेली, आणि त्या धोतरांवर ज्वारीचे बिबडे थापत बसलेल्या बाया. शेजारच्या प्रमिलाबाई होत्या, घरची सून मोहिनी होती, आणि काल संध्याकाळी धुळ्याहून उतरलेली चारुलता होती. तिथल्या देवपूरच्या शाळेतले गणिताचे पेपर तपासायचे टाकून ही बिबडे थापायला आली, हेच मुळात मोहिनीला पटलेलं नव्हतं. आपल्या नणंदेला बिबडे खायला आवडतात, थापायला नाही, हे तिला सोळा वर्षांपासून माहीत होतं.

प्रमिलाबाई घाट्याचं पातेलं आणायला खाली गेल्या आणि चारुलताने हात पुसले.

"वहिनी, कांदेबाग आजच विकायला पाहिजे. आखाजीपर्यंत थांबायचं नाही."

मोहिनीने जिन्याकडे पाहिलं. "हळू बोला, अक्का. आबा खाली ओट्यावरच आहेत."

"त्यांच्याशीच बोलायला आलेय. बठ्ठं कागदावर मांडून आणलंय."

"आली धुळ्याची! सगळं म्हणायचं सोडून बठ्ठं म्हणे." मोहिनी हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. "अक्का, हात जोडते. आज नको, उद्या नको, चेंबर होईपर्यंत नकोच."

आता ही कांदेबाग म्हणजे शेतातली नव्हे. शेतात मिरगावर लावली ती मृगबाग आणि पाऊस सरताना लावली ती कांदेबाग, हे केळीच्या मुलुखात लहान पोरालाही ठाऊक. जीवरामआबांनी तीच नावं आपल्या शेअरांना दिली होती, आणि वीस वर्षांत घरातल्या कुणाला त्यात वावगं वाटेनासं झालं होतं. खतं, बियाणं, ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्या ही आबांची मृगबाग. कुलर, एसी, फ्रीज बनवणाऱ्या कंपन्या ही कांदेबाग. दिवाळीच्या पाडव्याला लोक गोधड्या बाहेर काढत असताना आबा कुलरवाल्यांचे शेअर घ्यायचे, कारण त्या दिवसांत त्यांना कुणी विचारत नसे. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऊन रखरखलं की, सगळे विकून मोकळे व्हायचे. केळी लावताना माणूस आजचा भाव बघत नाही, घड कापायच्या महिन्याचा बघतो. आबांचं सगळं शास्त्र एवढंच. त्या शास्त्रावर मळ्यात ठिबक आलं आणि धाकटा योगराज इंजिनिअर होऊन दीपनगरच्या वीजकेंद्रात लागला. तेव्हा त्या शास्त्राला हसायची कुणाची छाती नव्हती.

यंदाची कांदेबाग मोहिनीच्या नावावर बोलून ठेवलेली होती. दोन वर्षं तिने एकच धोशा लावला होता: आपली केळी कच्ची ट्रकमध्ये भरायची, दुसऱ्याने त्याच्या चेंबरमध्ये चार दिवस पिकवायची आणि दुप्पट भावाने विकायची, हे किती दिवस? सावद्याच्या रस्त्याला दहा गुंठे जागा तिने बघितली, विजेच्या जोडणीचा अर्ज केला, भुसावळचे दोन व्यापारी बांधून घेतले. पिकवणीच्या चेंबरला लागणार होते छत्तीस लाख. महिनाअखेर मशिनवाल्याला होकार कळवायचा होता, आणि आखाजीला पैसे. आबांनी शब्द दिला होता, "कांदेबाग विकली का तुझं चेंबर. पैसे कमी पडले तर मात्र यंदा नही. उसनवारी मी करत नसतो."

"तुम्ही उद्या गाडीत बसून देवपूरला जाल," मोहिनी म्हणाली. "मला इथं राहायचंय. आबांना डिवचलं आणि ते हट्टाला पेटले, तर आखाजी तर सोडाच, दिवाळीपर्यंत विकणार नाहीत. तुमचं काय जाणारेय?"

चारुलता पुन्हा हाताला पाणी लावून बिबडे थापू लागली. ते चांगलेच वाकडे होत होते.

---

अकरा वाजता ऊन गच्चीवरून माणसांना हाकलू लागलं तेव्हा मंडळी ओट्यावर आली. जितेंद्र, घरातला थोरला, मळ्यातून नुकताच परतला होता. योगराज रात्रपाळी करून दीपनगरहून थेट आला होता. डोळे तांबारलेले, पण हातातला फोन जागा. खातं आबांच्या नावावर, चालवायचा योगराज. मात्र विक्री टाकली की सहा आकडे आबांच्याच फोनवर यायचे आणि ते आबांनी वाचून दाखवल्याशिवाय एकही शेअर हलायचा नाही. ही व्यवस्था आबांना फार आवडायची.

"काय म्हणते कांदेबाग?" आबांनी खुर्चीवरून विचारलं.

"अडतीस लाख वीस हजार. आखाजीपर्यंत चाळीसच्या वर जाते, आबा, लिहून ठेवा."

"लिहून मी आणलंय," चारुलता म्हणाली आणि चार पानं आबांच्या मांडीवर ठेवली.

जितेंद्रने मान खाली घातली. बहिणीचा हा आवाज त्याला ओळखीचा होता. लहानपणी पतंगाच्या वाटणीवरून ती असंच बोलायची, आणि पतंग तिलाच मिळायचा.

आबांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि चक्क हसले. "हे काय नवं सांगते, चारू? तिसरं साल जड जातं, हे मले तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. अधिक महिना येऊन गेला का त्याच्या पुढची आखाजी फिकी. वहीत लिहेल आहे मी."

"जड म्हणजे काय, आबा?"

"जड म्हंजे जड. ग्रहमान राह्यतं एकेक सालचं."

"साल जड नसतं, आखाजी उशिरा असते. अधिक महिना आला की पुढची आखाजी जवळजवळ तीन आठवडे पुढं सरकते. गेल्या वर्षी ती आजच्या तारखेला होती, बावीस एप्रिलला. यंदा आहे दहा मेला. कंपन्यांचे वर्षाचे आकडे मेच्या सुरुवातीला यायला लागतात, आणि त्या कंपन्यांना आपला अधिक महिना माहीत नसतो. आखाजी एप्रिलात येते तेव्हा आकडे अजून यायचे असतात, सगळे आशेवर असतात, तुम्ही झोकात विकता. मेमध्ये येते तेव्हा आकडे जाहीर झालेले असतात, निम्मे लोक विकून घरी गेलेले असतात, आणि मग तुम्ही जाता बाजारात."

"यंदाचा उन्हाळा कडक आहे, अक्का," योगराज मध्ये पडला. "एसी धडाधड खपतायत. मी तर म्हणतो आखाजीलाही नको, जूनपर्यंत धरा."

"कडक? भुसावळजवळ राहतोस आणि मला सांगतोस उन्हाळा कडक आहे? कधी नसतो तो?"

जितेंद्रला हसू आलं. त्याने ते मिशीत लपवलं.

आबा मात्र आता हसत नव्हते. "यंदा आखाजीले भाव पडणारच, असं लिहून देतेस?"

"नाही देत. ते कुणीच देऊ शकत नाही. वीस वर्षांत सात आखाज्या अशा उशिरा आल्या. त्यातलं एकवीस साल करोनाचं, ते मी सोडलं. राहिल्या सहा. सहापैकी पाच वेळा पंधरा-वीस दिवस आधी विकलं असतं तर दहा-बारा टक्के जास्त आले असते. एकदा आले असते कमी."

"म्हंजे एकदा मी बरोबर."

"एकदा."

"अन् एप्रिलच्या आखाज्यांले?"

"त्यात तुम्ही जवळजवळ दर वेळी बरोबर. म्हणून तर सांगते, आबा, तुमचं शास्त्र खोटं नाही. थंडीत घ्यायचं आणि बातमी यायच्या आधी विकायचं, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. तिथीने तुम्हाला दर तिसऱ्या वर्षी बातमीच्या मागे नेऊन उभं केलं, एवढंच."

कौतुकाच्या पुडीत बांधून दिलं तरी आबांना ते कडूच लागलं. आबांनी पानं घडी करून परत केली. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि जितेंद्रला त्याचीच भीती होती.

"शाळेत मास्तरीण झाली म्हणून बापाचा पेपर तपासाले आली? आखाजीले विकीन. आखाजीच्या आधी एक शेअर हलणार नही. अन् पैसे कमी पडले, तर चेंबर पुढच्या साली. केळी काही गाव सोडून जात नही."

दारात मोहिनी चहाचे कप घेऊन उभी होती. जितेंद्रने बायकोकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. दोन वर्षं ही बाई जागेसाठी, मीटरसाठी, व्यापाऱ्यांसाठी एकटी फिरत होती, आणि आपण 'आबा म्हणतील तसं' याच्यापलीकडे एक वाक्य बोललो नाही, याची त्याला त्या क्षणी खरोखर लाज वाटली.

"आबा," त्याने घसा साफ केला, "सोळा सालीही ठिबकचे पैसे असेच कमी पडले होते. तेव्हाही आखाजी मेतच होती. मला आठवतं, कारण पाइप उन्हात पडून तडकले होते."

आबा थोरल्याकडे बघतच राहिले. हा मुलगा कधी कुणाच्या विरोधात बोलत नसे.

मोहिनीने कप खाली ठेवले. गच्चीवर नणंदेला गप्प बसवणारी तीच. पण चेंबर तर आताच पुढच्या सालावर गेलं होतं. आता गप्प बसून वाचवायचं तरी काय?

"आबा, एक विचारू?"

"इचार."

"मिरग कधी निघतो?"

"सात जूनले." पन्नास वर्षं केळी लावलेल्या माणसाला याचा विचार करावा लागत नाही.

"दर साली?"

"दर सालीच. एखाद्यावेळी आठले."

"अन् अधिक महिना आला तर? तेव्हा पुढं सरकतो?"

"त्याचा काय संबंध? मिरग सूर्यावर चालतो. अधिक महिना असतो तो चांद..."

आबा थांबले.

"आखाजीही चंद्रावरच चालते ना, आबा?" मोहिनीने अगदी आदराने विचारलं. "तुम्ही केळी लावता सूर्यावर, ऊन येतं सूर्यावर, लोक कुलर घेतात उन्हावर. अन् कुलरचे शेअर तेवढे विकता चंद्रावर."

आबांनी पायात चपला सरकवल्या, टोपी घातली आणि भर उन्हात मळ्याकडे चालू लागले. योगराज म्हणाला, "झालं! आता दिवाळीपर्यंत काही खरं नाही." जितेंद्रला तसं वाटलं नाही. बापाकडे उत्तर असलं की तो जागेवरून हलत नाही, हे त्याने चव्वेचाळीस वर्षं बघितलं होतं.

---

नवरा जेवायला वेळेवर येणार हे बेबाबाईंना ठाऊक होतं. रुसून उपाशी राहणं हा जीवरामचा स्वभावच नव्हता. एक वाजता ते आले, पाय धुतले, पाटावर बसले. बेबाबाईंनी भाकरी वाढली आणि ताटात सकाळचा एक अर्धा ओला बिबडा ठेवला. तो त्यांना तसाच आवडायचा.

"तुम्ही सगळे एक झाले," आबा म्हणाले.

"मी कुठं काय बोलली?"

"तू नही बोलली, हेच."

बेबाबाई समोर टेकल्या. आतल्या खोलीत नणंद-भावजय काहीतरी कुजबुजत होत्या. सकाळी एकमेकींकडे न बघणाऱ्या दोघी आता एकाच चटईवर होत्या. बेबाबाईंना ते बरं वाटलं, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून वाईटही वाटलं. ह्या माणसाने बारा एकरांत घर उभं केलं होतं. तो चुकला असं घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि आज एका सकाळीत सगळ्यांनी म्हटलं.

"बिबडे मी कवा घालते?" त्यांनी विचारलं.

"तापलं का."

"आखाजी पाहून घालते का?"

आबा जेवत राहिले.

"आखाजीचा सण मी करते. लेकीले बोलावते, पुरणाचे मांडे करते, पितरांले घागर भरते. पण वाळवण घालते ऊन पाहून. सण त्याच्या जागी. तुम्हीच कुठून ती तिथी धरून बसले शेअरसाठी?"

"पह्यल्यांदा विकले तो आखाजीचा दिवस व्हता," आबा म्हणाले. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "चार साल. गुरुवार. चांगले पैसे आले. मले वाटलं, मुहूर्त लाभला. तवापासून..."

"त्या साली आखाजी कोणत्या तारखेले व्हती?"

आबांनी घास हातात धरून ठेवला. मग ताटात ठेवला.

"कॅलेंडरं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

---

जुनी कॅलेंडरं जीवराम कधी फेकत नसत. पाण्याच्या पाळ्या, मजुरांचे खाडे, गाय कधी फळली, सगळं त्यांच्या चौकटींत लिहिलेलं असायचं. वीस वर्षांची गुंडाळी सुतळीने बांधून पेटीत होती. आतल्या खोलीचं दार लोटून ते जमिनीवर बसले. एका बाजूला वही, एका बाजूला चारूची चार पानं, मध्ये कॅलेंडरं.

पोरीच्या तारखांवर त्यांचा विश्वास नव्हता. गणित शिकवते म्हणजे काय झालं, एखादी तारीख चुकली असेल, आणि एक चुकली की सगळा डोलारा खाली. त्यांनी पहिलं कॅलेंडर उलगडलं. दोन हजार चार. आखाजी, बावीस एप्रिल, गुरुवार. आजचीच तारीख! बरोबर.

आठ सालची बघितली, दहाची बघितली. मग तेरा, सोळा, एकोणीस. पोरीची एक तारीख चुकलेली नव्हती. दर वेळी मेचं पान, आणि एक वेळ सोडली तर वहीत त्यांच्याच अक्षरात 'साल जड'. शेवटी शेवटी त्यांना पोरीचा राग येईना, उलट नकळत अभिमान वाटू लागला. काय चोख काम केलंय! रेघ न् रेघ सरळ. बाजारातल्या मोठमोठ्या पंडितांना जे सुचलं नाही ते ह्या घरातल्या पोरीने चार पानांत धरलं होतं.

पाच साल त्यांनी सर्वांत शेवटी घेतलं, कारण ते गुंडाळीत आत अडकलं होतं. आखाजी, अकरा मे. चौकटीत त्यांचीच खूण: विक्री. त्यांनी पोरीच्या पानावरची ओळ बघितली. वीस दिवस आधी विकलं असतं तर एक्क्याण्णव हजार जास्त.

एक्क्याण्णव हजार. त्या साली वादळाने सहा हजार खोडं आडवी झाली होती, शेअरचे आले ते सगळे नव्या लागवडीत गेले होते, घरात दुसरा पैसा नव्हता. त्यांनी मेचं पान उलटलं. जूनच्या चोवीस तारखेला लाल पेनाने गोल केलेला, आणि गोलात बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं: 'पुणे, एमएस्सी, प्रवेशाचा शेवटचा दिवस.' अक्षर त्यांचं नव्हतं.

ती वीस वर्षांची होती. संख्याशास्त्राला पुण्यात नंबर लागला होता, दोन वर्षांची फी आणि वसतिगृह मिळून सत्तर हजार. ह्याच खोलीत, ह्याच दारापाशी ती उभी होती आणि त्यांनी सांगितलं होतं, "पोरी, यंदाचं साल जड आहे." ती "बरं" म्हणाली होती. फक्त बरं. पुढच्या फेब्रुवारीत तिचं लग्न झालं. नंतर संसार सांभाळत, बाहेरून परीक्षा देत एमएस्सी पुरी करायला तिला नऊ वर्षं लागली.

त्यांनी पान पुन्हा वाचलं. मग बाकीची कॅलेंडरं पुन्हा सुतळीने बांधली आणि ते एक बाहेर ठेवलं.

---

तीन वाजून पाच मिनिटांनी आबा ओट्यावर आले. हातात एकच कॅलेंडर होतं. सगळे तिथेच होते. जेवून झोपायला गेलं नव्हतं कुणी.

"योगराज, टाक विक्री."

"किती, आबा?"

"सगळी."

"भाव थोडा खाली आलाय सकाळपेक्षा. उद्या..."

"टाक म्हटलं ना!"

योगराजने मुकाट्याने विक्री टाकली. आबांच्या बंडीच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, सहा आकडे बघितले, आणि वाचलेच नाहीत. त्यांनी कॅलेंडर लेकीपुढे धरलं.

"हे साल तुझ्या कागदात आहे. तुले दिसलं असंल."

"दिसलं." चारुलताने कॅलेंडरकडे पाहिलं नाही.

"कवा?"

"दिवाळीत. तुमच्या वहीचे फोटो काढून नेले होते ना, तेव्हा."

"मंग सकाळपासून एवढं बोलली, अन् हेच काहून नही बोलली? ही एक ओळ वाचून दाखवली असती, तर मी तिथंच गप बसलो असतो."

"भांडण जिंकायला नव्हते आले, आबा." तिचा आवाज स्वच्छ होता. "माझं राहिलं ते राहिलं. वहिनीचं राहू नये म्हणून आले."

मोहिनीने तोंडावर पदर धरला. सकाळी गच्चीवर आपण हिला काय म्हणालो ते तिला आठवलं. तुमचं काय जाणारेय!

आबा उभेच होते. आयुष्यात त्यांनी कधी कुणाची माफी मागितली नव्हती आणि ती कशी मागतात हे त्यांना येत नव्हतं. त्यांना येत होतं ते मोठ्याने बोलणं. तेव्हा ते मोठ्याने बोलले, इतक्या मोठ्याने की गच्चीवर बिबडे उलटवणाऱ्या प्रमिलाबाई कठड्याशी येऊन वाकल्या.

"ऐका सगळे! दोन हजार पाचचं साल जड नव्हतं. बाजार चांगला व्हता. मी उशिरा गेलो. माझ्यापायी ही पोरगी पुण्याले गेली नही. साल जड नव्हतं... मी..."

आणि ते उघडउघड रडू लागले. एवढा मोठा माणूस असा उभ्या जागी मोडलेला पोरांनी कधी पाहिला नव्हता. जितेंद्र पुढे झाला, पण धरावं की न धरावं हे त्याला कळेना.

"आबा," चारुलता म्हणाली, "तीन वाजून दहा मिनिटं झाली. बाजार साडेतीनला बंद होतो. रडायचं ते साडेतीननंतर. आकडे सांगा."

आबांनी नाक पुसलं, चष्मा सारखा केला आणि एकेक आकडा सावकाश, खणखणीत वाचला. योगराजचं बोट चालत राहिलं.

"गेले," तो म्हणाला. "सगळे गेले. सदतीस लाख नव्वद हजार."

"मोहिनी, मशिनवाल्याले फोन लाव," आबा खुर्चीत बसत म्हणाले. "अन् पुढच्या खेपेपासून कवा विकायचं ते चारूले इचारायचं. मले नही."

मोहिनीने तिथेच उभ्याउभ्या फोन लावला. पैसे बुधवारपर्यंत खात्यावर टाकते, मशिनरीचा नंबर आमचा धरा, आणि हो, पहिला हप्ता नव्हे, सगळीच रक्कम, असं तिने अशा आवाजात सांगितलं की जितेंद्र बघतच राहिला. बेबाबाईंनी पुन्हा चहा ठेवला. योगराजने पाय पसरले आणि दोन मिनिटांत घोरू लागला.

साडेतीन वाजले. चारुलता उठली, मागच्या मोरीकडे गेली आणि तिने नळ सोडला. तो बराच वेळ चालू राहिला. आबांनी दोनदा तिकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा खुर्चीतून अर्धे उठून पुन्हा बसले. शेवटी मोहिनीने फोन ठेवला आणि ती आत गेली. मोरीचं दार तिने आपल्यामागे ओढून घेतलं.